तिथीची पाऊणकी

दहावीच्या परीक्षेला महिना उरला की कोकणच्या किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनच्या वाड्यांमधून घरोघरी एकच दृश्य दिसतं. मांडीवर पुस्तक, हातात पिवळा किंवा गुलाबी मार्कर, आणि तोच धडा तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचणं चाललेलं. मूल प्रामाणिक असतं. टीव्ही बंद आहे, मोबाइल आईकडे दिलेला आहे, रात्री अकरापर्यंत दिवा जळतो आहे. आणि तरी सराव परीक्षेचा पेपर हातात पडला की तेच मूल म्हणतं, ‘सगळं वाचलं होतं, पण आयत्या वेळी काही आठवलंच नाही.’ घरातले म्हणतात, लक्ष नव्हतं. मूल स्वतःशी म्हणतं, आपल्याला डोकंच नाही. यातलं दुसरं वाक्य मला जास्त भयंकर वाटतं, कारण ते पुष्कळदा आयुष्यभर सोबत राहतं आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं.

दोष लक्षाचा नसतो, डोक्याचाही नसतो. दोष पद्धतीचा असतो. पद्धत चुकली की दोन गोष्टी एकदम घडतात. अभ्यासाचं फळ दिसत नाही, आणि फळ दिसत नाही म्हणून अभ्यास नकोसा होतो. आपल्याकडे पालक नेहमी म्हणतात, ‘एकदा गोडी लागू दे, मग अभ्यास आपोआप होईल.’ माझं म्हणणं याच्या उलट आहे. आधी जमू लागतं, मग गोडी लागते. काल येत नव्हतं ते आज येतंय हे मुलाला स्वतःला दिसलं की त्याला दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडावंसं वाटतं. म्हणून अभ्यास आनंदाचा कसा करावा आणि परिणामकारक कसा करावा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

2006 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे दिले. एक सूर्याबद्दल होता, दुसरा समुद्री पाणमांजराबद्दल. एका गटानं उतारा चार वेळा वाचला, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. दुसऱ्या गटानं तो एकदाच वाचला आणि उरलेल्या तिन्ही वेळा उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून काढलं. चुकलं ते कुणी दुरुस्त करून दिलं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना 83 टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना 71 टक्के. मग आठवडाभरानं पुन्हा परीक्षा घेतली. वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे 61 टक्के.

या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ‘आठवड्यानंतर तुम्हाला हे किती लक्षात राहील?’ असं सगळ्यांना आधीच विचारलं होतं. चार वेळा वाचणाऱ्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता. पुन्हा पुन्हा वाचल्यानं शब्द ओळखीचे होतात, आणि डोळ्यांना झालेली ओळख हे आपलं ज्ञान आहे असं मनाला वाटतं. श्रीवर्धनच्या त्या मार्करवाल्या मुलाचं हेच होतं. पान समोर आहे तोवर त्याला सगळं येत असतं. परीक्षेत पान समोर नसतं.

2013 साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन यांना त्यांनी खालचा दर्जा दिला. वरचा दर्जा दोनच पद्धतींना मिळाला. स्वतःची परीक्षा घेणं ही एक, आणि अभ्यास दिवसांच्या अंतरानं वाटून करणं ही दुसरी.

हे वाचताना कोकणातल्या माणसाला आपलंच काहीतरी आठवायला हवं. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचं, शुभंकरोती म्हणायचं आणि मग परवचा. बे एके बे पासून तिसापर्यंत पाढे, त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. मग वार, महिने, तिथी, नक्षत्रं. हातात पुस्तक नाही, पाटीही नाही. जे काही आहे ते आतून काढून मोठ्यानं म्हणायचं. आजी वाती वळता वळता ऐकत असायची आणि सातविसा चुकला की तिथल्या तिथे अडवायची. रोज थोडा वेळ, रोज आठवून, घरच्या माणसांच्या सोबतीनं, चूक लगेच सुधारून. डनलॉस्कींनी निवडलेल्या दोन्ही पद्धती या अर्ध्या तासात बसतात.

यापेक्षाही कडक शिस्त वेदपाठशाळेत होती आणि आजही आहे. गुरुजी संथा देतात म्हणजे एक चरण म्हणतात, आणि शिष्य तो ऐकून लगेच पुन्हा म्हणतो. मग त्याची आवर्तनं होतात. संहिता पाठ झाली की पदं, मग क्रम, मग जटा, आणि शेवटी घन. घनपाठात शब्दांची मांडणी अशी असते: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि तेच. सरळ म्हणताना जीभ सवयीनं धावते, उलट म्हणताना धावू शकत नाही. उलटसुलट म्हणायला लावल्यानं प्रत्येक शब्द मनाला नव्यानं शोधावा लागतो. कागदाचा आधार न घेता हे पाठ पिढ्यान् पिढ्या टिकले यामागे ही रचना आहे. 2008 साली युनेस्कोनं वेदपठणाच्या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन या भागातल्या कोकणी मुसलमान घरांत दुसरी एक पाठांतराची परंपरा आहे. तिची रचना पाहिली की थक्क व्हायला होतं. कुराण मुखोद्गत करणाऱ्या मुलाचा दिवस तीन भागांत वाटलेला असतो. सबक म्हणजे आजचा नवा भाग. सबकपारा म्हणजे गेल्या काही दिवसांत झालेला ताजा भाग. आमोख्ता म्हणजे पूर्वी पाठ झालेला जुना भाग, जो फिरून फिरून म्हणावा लागतो. उस्तादासमोर तिन्ही म्हणून दाखवायचं. जुनं डळमळीत झालं असेल तर नवा सबक मिळत नाही, आधी मागचं पक्कं करायचं. सहा हजारांहून जास्त आयती पाठ होतात त्या या तीन कप्प्यांच्या शिस्तीवर. 1972 साली जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी एका पुस्तकात प्रश्नांच्या चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांच्या पेटीत ठेवायची युक्ती मांडली. येणारी चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा भेटते, न येणारी मागे येते आणि लवकर भेटते. आजची कितीतरी अभ्यासाची अ‍ॅप्स याच युक्तीवर चालतात. नवं, ताजं आणि जुनं वेगळं ठेवून तिघांना रोज वेळ देण्याची समज या किनाऱ्यावरच्या मदरशांत आणि पाठशाळांत आधीपासून होती.

श्रीवर्धनला या शिक्षणाचं मोल पूर्वीपासून माहीत आहे. इथल्या देशमुखांच्या घरातला बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या त्रासानं गाव सोडून घाटावर गेला, तिथे महसुली कारभारात लेखणी आणि हिशेबाच्या बळावर वर चढला, आणि 1713 मध्ये शाहू छत्रपतींनी त्याला पेशवेपद दिलं. मोडी अक्षर, तोंडी हिशेब आणि कागदपत्रांची जाण ही त्या काळातल्या कारकुनाची पुंजी होती, आणि औटकी-अडीचकीशिवाय ती पुरी होत नसे.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. ही पद्धत चांगली होती, तिचे दरवाजे मात्र बंद होते. पाठशाळेत मोजक्या जातींचे मुलगे होते. मुली नव्हत्या, कोळीवाड्यातली मुलं नव्हती, महारवाड्यातली तर नव्हतीच. बाणकोटच्या खाडीपलीकडे, मंडणगड तालुक्यात आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आहे. त्यांनी मॅट्रिकचा अभ्यास केला तो मुंबईत, परळच्या चाळीतल्या एका खोलीत. त्या खोलीतच सगळं घर, स्वयंपाक आणि जळण. वडील त्यांना संध्याकाळी लवकर निजवत आणि पहाटे दोनला उठवत, कारण सगळं घर झोपलेलं असताना तेवढीच शांतता मिळे. 1907 साली ते मॅट्रिक झाले. अभ्यासाच्या पद्धतींबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही. वेगळी खोली, टेबल, खुर्ची नसलेल्या घरातही शांत वेळ शोधता येतो. पण तो मुलानं एकट्यानं शोधायचा नसतो, घरानं शोधून द्यायचा असतो.

परवच्यात एक मोठी उणीवही होती. पाढा नेहमी त्याच क्रमानं म्हटला जाई. त्यामुळे ‘सात आठे किती?’ असं मध्येच विचारलं की पुष्कळ मुलं मनात सात एके सात पासून सुरुवात करत. उत्तर साखळीला बांधलेलं, साखळी ओढल्याशिवाय ते वर येत नसे. आजच्या गणिताच्या वह्यांत हीच उणीव निराळ्या रूपात दिसते. प्रकरण वर्गसमीकरणांचं असेल तर खालची वीसच्या वीस उदाहरणं वर्गसमीकरणांचीच. तिसऱ्या उदाहरणापासून मूल विचार करायचं थांबतं आणि हात चालू लागतो. कोणती रीत वापरायची हा प्रश्नच पडत नाही, कारण तो प्रकरणाच्या शीर्षकानं आधीच सोडवलेला असतो. बोर्डाच्या पेपरात मात्र नेमका तोच प्रश्न पडतो.

डग रोरर आणि केली टेलर यांनी 2007 साली हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटानं एका प्रकारची सगळी उदाहरणं ओळीनं सोडवली, मग दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या गटाला सगळी मिसळून दिली. सराव चालू असताना ओळीनं सोडवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्यानं चाचणी घेतली तेव्हा पहिला गट 20 टक्क्यांवर घसरला आणि दुसरा 63 टक्क्यांवर राहिला. पाणमांजराच्या उताऱ्याचीच तऱ्हा इथेही दिसते. जी पद्धत करताना सोपी वाटते ती टिकत नाही, जी करताना अडखळायला लावते ती टिकते. रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञानं अशा अडखळण्याला ‘हवीशी अडचण’ म्हणावं असं सुचवलं आहे. हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. नाहीतर अडखळणं म्हणजे अपयश असं समजून ते परत मार्कर हातात घेतं.

आता वेळेच्या अंतराबद्दल. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरगट पाठ करून आपण किती वेगानं विसरतो हे मोजलं, आणि 1885 साली ते प्रसिद्ध केलं. प्रयोग करणारा तो आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तोही तोच. त्याच्या हिशेबानं तासाभरात पाठांतराच्या मेहनतीतला निम्म्याहून जास्त लाभ निसटतो, एका दिवसानं सुमारे एक तृतीयांश उरतो, आणि पुढे मात्र घसरण मंदावते. महिन्यानंतरही पाचव्या हिश्शाएवढं शिल्लक असतं. विसरणं पहिल्या दिवशी सगळ्यात वेगवान असतं, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. त्यानं आणखी एक हिशेब दिला आहे. बारा अक्षरगटांची मालिका एकाच दिवशी लागोपाठ 68 वेळा घोकून जो फायदा झाला, तोच तीन दिवसांत वाटून 38 वेळा म्हटल्यावर मिळाला. म्हणजे जवळपास निम्म्या कष्टात तेच काम.

श्रीवर्धनच्या माणसाला हे समजावून सांगायला एबिंगहाउसची गरज नाही, सुपारीची बाग पुरते. इथली रोठा सुपारी नावाजलेली आहे आणि गावात सुपारीचं संशोधन केंद्रही आहे. पोफळीला उन्हाळ्यात ठरावीक दिवसांनी शिंपणं लागतं. महिन्याभराचं पाणी एकाच दिवशी ओतून कुणी बागायतदार निर्धास्त बसत नाही. बरंचसं पाणी वाळूत झिरपून जातं आणि झाड तहानलेलंच राहतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास तसाच झिरपून जातो. एकच विषय सलग चार तास करण्यापेक्षा चार दिवस तासतासभर केला तर वेळ तेवढाच लागतो आणि हाती जास्त उरतं. या वेळापत्रकात झोपही धरावी. 1924 सालीच जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दाखवून दिलं होतं की पाठ केल्यावर जागं राहण्यापेक्षा झोपल्यानं विसरणं कमी होतं. पेपरच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागणारं मूल दोन्हीकडून गमावतं.

इथवर लक्षात ठेवण्याबद्दल झालं. पण नुसतं लक्षात राहिल्यानं आनंद होत नाही. पाऊणकी पाठ असलेल्या किती मुलांना ती कशासाठी आहे हे कधी कुणी सांगितलं असेल?

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना आडाखा आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, भरती तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाच्या सुमाराला. चतुर्थीला दुपारी तीन आणि पहाटेही साधारण तीन, कारण भरती दिवसातून दोनदा येते. होडी कधी काढायची, हरिहरेश्वरच्या खडकांवरून प्रदक्षिणेला कधी जायचं नाही, हे या हिशेबावर ठरतं. तिथीची पाऊणकी म्हणजे भरतीचं घड्याळ.

आता यावर एक प्रश्न विचारू. पाऊणच का? अर्धा किंवा पुरा का नाही?

उत्तर शोधायला दहावीपर्यंतचा भूगोल आणि गणित पुरतं. पंचांगातली तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढायला लागणारा काळ. अमावास्येला दोघे एका दिशेला असतात, आणि 15 तिथ्यांत 180 अंश पुरे होऊन पौर्णिमा येते. पृथ्वी स्वतःभोवती 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश. चंद्र रोज साधारण 12 अंश पुढे सरकला तर त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं. 12 भागिले 15 म्हणजे चार पंचमांश तास, 48 मिनिटं. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे एवढ्या उशिरानं येते, कारण ती चंद्राला बांधलेली आहे. चार पंचमांशाचा पाढा कुणाला येत नव्हता, पण पाऊणकी घरोघरी पाठ होती आणि पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. फरक फक्त तीन मिनिटांचा. वापरायला सोपं आणि सत्याच्या इतकं जवळ असं माप जुन्या लोकांनी निवडलं.

मग पुढचा प्रश्न आपोआप पडतो. रोज तीन मिनिटांची चूक साठत गेली तर पौर्णिमेला काय होईल? पंधरा त्रिक पंचेचाळीस. आडाख्यानं पंधरा पाऊण सव्वाअकरा येतात, पण या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती साधारण बाराच्या सुमाराला असते. पाऊण तासाचा फरक दिसायलाच हवा, आणि तो किनाऱ्यावर जाऊन तपासता येतो. वाऱ्यामुळे, किनाऱ्याच्या आकारामुळे वेळ थोडी मागेपुढे होते. तीही नोंद ठेवता येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येतं, अष्टमीला काटकोनात ओढतात म्हणून भांगाची भरती येते. पुस्तकातल्या या दोन ओळी जीवना बंदरावर उभं राहून डोळ्यांनी पाहता येतात. कोळीवाड्यातल्या मुलाला उधाण आणि भांग हे शब्द धड्याआधी घरातच भेटलेले असतात. वर्गात भूगोलाचा हा धडा आला की त्या दिवशी शिकवणारं तेच मूल असायला हवं. ज्या मुलाला वर्गात कधी काही विचारलं जात नाही त्याच्याकडे सगळे वळून पाहतील, तो दिवस त्याच्या सगळ्या शिक्षणाची दिशा बदलू शकतो असं मला मनापासून वाटतं.

‘हे असं का?’ हा प्रश्न प्रत्येक धड्याला विचारता येतो. डनलॉस्कींच्या यादीत त्याला मधला दर्जा आहे, कारण ज्याला विषयाची थोडी तरी माहिती आहे त्यालाच त्याचा पुरेपूर उपयोग होतो. म्हणून पाठांतर आणि समज यांच्यात भांडण लावण्यात अर्थ नाही. पाऊणकी येत नसती तर आडाखा वापरता आला नसता, आणि तिथीचा अर्थ माहीत नसता तर आडाख्यातली चूक सापडली नसती. पाठ केलेलं हाताशी असलं की विचार करायला मन मोकळं राहतं. आपल्या शाळांतून घोकंपट्टीला शिव्या देता देता परवचा गेला, आणि त्याच्या जागी समज आली असं मात्र बहुतेक ठिकाणी घडलं नाही. त्याच्या जागी गाइडं आली.

एक भ्रम जाता जाता पुसून टाकू. ‘आमचा मुलगा बघून शिकणारा आहे, मुलगी ऐकून शिकणारी आहे’ असं पालक हल्ली सर्रास म्हणतात. 2008 साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे पुरावे तपासले. मुलाच्या आवडत्या शैलीप्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, असं सिद्ध करणारा भक्कम आधार त्यांना मिळाला नाही. भरती-ओहोटी सगळ्यांनीच डोळ्यांनी पाहायची असते आणि पाढा सगळ्यांनीच तोंडानं म्हणायचा असतो.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. धडा एकदा नीट, सावकाश, अर्थ लावत वाचावा. मग पुस्तक मिटावं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं, मोडकंतोडकं का होईना. त्यानंतर पुस्तक उघडून काय राहिलं ते पाहावं. राहिलेल्या गोष्टींचे प्रश्न करून चिठ्ठ्यांवर लिहावेत, पुढे प्रश्न, मागे उत्तर. या चिठ्ठ्यांसाठी तीन पाकिटं पुरतात, पहिलं रोजचं, दुसरं आठवड्याचं, तिसरं महिन्याचं. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या पाकिटात, चुकलं की परत पहिल्यात. मदरशातल्या मुलाला हे समजावून सांगावंच लागणार नाही. गणिताच्या वहीत दर शनिवारी मागच्या चार प्रकरणांतली दोन-दोन उदाहरणं मिसळून सोडवावीत, आणि कोणतं उदाहरण कोणत्या प्रकरणातलं हे लिहून ठेवू नये. एका बैठकीला पंचवीस-तीस मिनिटं पुष्कळ झाली. मध्ये उठून विहिरीवर, अंगणात जाऊन यावं. त्या वेळात मोबाइल हातात घेऊ नये, तो घेतला की पुन्हा बसणं अवघड होतं.

आणि घरातल्या मोठ्यांचं काय? आपण फारसं शिकलो नाही, आपल्याला काय मदत करता येणार, असं कितीतरी आया मला सांगतात. सुपारी सोलायला किंवा मासे निवडायला बसलेल्या आईला विज्ञान येण्याची गरज नसते. चिठ्ठीवरचा प्रश्न वाचता आला तर तिनं वाचावा. वाचता येत नसेल तर धाकट्या भावंडानं वाचावा आणि तिनं ऐकावं. तिला कळेल अशा भाषेत सांगायचं एवढीच अट मुलीला घालावी. प्रकाशसंश्लेषण पुस्तकातल्या शब्दांत सांगणं सोपं असतं. पोफळीच्या झावळीकडे बोट दाखवून आईला पटेल असं सांगायला ते खरंच कळलेलं असावं लागतं. आईनं मध्येच ‘मग रात्री काय करतं झाड?’ असं विचारलं आणि मुलगी अडली, तर त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला अभ्यास तिथेच झाला. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी शाळेत न्यावा.

चूक झाली की ओरडू नये, हे फक्त मायेपोटी सांगत नाही. स्वतःची परीक्षा घ्यायची म्हणजे रोज थोडं चुकायचं. चुकीची भीती बसली की मूल परीक्षा टाळून परत नुसत्या वाचनाकडे वळतं, कारण वाचताना कुणीच चुकत नाही. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत छडी होती, आणि पाठांतराच्या चांगल्या पद्धतीची अर्धी बदनामी त्या छडीनं केली.

पहिले दोन-तीन आठवडे अवघड जातील. उताऱ्यांच्या प्रयोगातले 83 आणि 71 हे आकडे इथे लक्षात ठेवावेत. लगेचच्या चाचणीत पुनर्वाचन करणारा शेजारचा मुलगा पुढे दिसू शकतो, मिसळलेल्या उदाहरणांत वहीवर फुल्या जास्त पडतील, आणि मुलगी म्हणेल की पूर्वी मला जास्त येत होतं. तेव्हा पहिल्या घटक चाचणीच्या गुणांवरून पद्धत बदलू नये. पहिल्या पाकिटातल्या किती चिठ्ठ्या तिसऱ्या पाकिटात पोचल्या ते दर रविवारी मुलीलाच मोजू द्यावं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या तिथीशेजारी लिहायला सांगावं.